रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

ताई,

मी पंचवीस वर्षांची आहे, बार्शी तालुक्यातल्या एका गावातली. तीन वर्षांपासून पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. सदाशिव पेठेत चौघी जणी एका खोलीत कॉट बेसिसवर राहतो. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते, रात्री दहाला खोलीवर येते. एकदा पूर्व निघाली, मुख्यला थोडक्यात राहिले. तेव्हापासून मी सगळं बंद केलंय. सिनेमा नाही, फिरणं नाही, गावाकडची लग्नंसुद्धा नाहीत. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा मैत्रिणी सारसबागेत जातात. मागच्या महिन्यात त्यांनी मला ओढून नेलं, पण दहा मिनिटांत मी परत आले. छातीत धडधडत होतं. सगळे पुढे चाललेत आणि मी गवतावर बसलेय, असं वाटत होतं. रात्री अंथरुणात पडले की मात्र मोबाइल सुटत नाही. साडेअकराला हातात घेते, बघता बघता दोन वाजतात. मग स्वतःचीच चीड येते. दोन महिने झाले, एकच पान चार-चारदा वाचते, डोक्यात काही शिरत नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडते. अण्णांनी तूर विकून पैसे पाठवलेत. रोज रात्री नऊला त्यांचा फोन येतो, "आज किती झालं?" शाळेत मी खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते. आता दोन जिने चढले तरी दम लागतो. मन रमवायचा मला हक्क आहे का ताई? की पास होईपर्यंत हे असंच सोसायचं असतं?

– बार्शीची


बार्शीच्या मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या नळापाशी थांबले. बाहेरच्या तिघींना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायचा आणि मग रडायचं. रडायलासुद्धा पाण्याच्या आवाजाचा आडोसा घ्यावा लागतो, यावरून तू किती दिवस किती एकटी आहेस ते मला कळलं.

हक्काचं पुढे बोलूच. आधी एक सरळ विचारते. तू लिहिलेलं नाहीस, पण विचारते. हे सगळं संपवून टाकावं, झोपले आणि सकाळी उठलेच नाही तर बरं, असं कधी मनात येतं का? येत असेल तर हे पत्र पुढे वाचण्याआधी १४४१६ हा नंबर फिरव. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. आणि त्याच रात्री खोलीतल्या एकीला तरी उठव. ती चिडणार नाही. तिच्याकडे बघ, कदाचित तीही जागीच असेल.

तसं काही मनात येत नसलं, तरीही दोन महिने हा काळ मी हलका मानत नाही. रडू येणं, झोप उडणं, लक्ष न लागणं, कशातच गोडी न वाटणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं की जाणत्या माणसाला दाखवावं, असं डॉक्टर सांगतात. तुझे तर आठ आठवडे झाले. ससूनला मानसोपचार विभाग आहे, सरकारी दवाखाना असल्यामुळे खर्चाचं ओझं नाही. एकदा जाऊन ये. जाताना रक्तही तपासून घे, कारण हिमोग्लोबिन किंवा थायरॉइड कमी असलं तरी असाच थकवा येतो, अशीच उदासी येते. दोन जिन्यांना लागणारा दम मला त्यासाठीही खटकतो. मेसच्या डब्यावर तीन वर्षं काढलेल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. हे काम पुढच्या आठवड्यातच कर, "पूर्व झाल्यावर बघू" असं नको.

आता तुझा प्रश्न.

तुला हिशोबाची सवय आहे, तर हिशोबच मांडू. रात्री साडेअकरा ते दोन म्हणजे अडीच तास. आठवड्याचे झाले साडेसतरा. सारसबागेत बसलीस दहा मिनिटं. मग मन रमवणं तू बंद केलंयस, असं कसं म्हणू? आठवड्याला साडेसतरा तास तू घेतेच आहेस, फक्त चोरून घेतेस. अंधारात, पांघरुणाखाली, आवाज बंद करून, "आता शेवटचं एकच" असं स्वतःला बजावत. चोरून खाल्लेल्या घासाला चव लागत नाही, तो नुसता गिळला जातो. तुझे साडेसतरा तास तसेच गिळले जातात. पोट भरत नाही, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा हात जातो.

त्यासाठी स्वतःला दोष देऊ नकोस. मोबाइलवरची ती न संपणारी पट्टी मुद्दाम तशी घडवलेली आहे. पूर्वी पान संपायचं, पुढे जायचं तर बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ साली एझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने ते बटणच काढून टाकलं. बोट सरकवत राहा, खाली नवीन येतच राहील. आपण हे केलं याचा पश्चात्ताप होतो, असं पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितलं. पुस्तकाला धडा असतो, सिनेमाला शेवट असतो, गप्पांना "चल, निघते" असतं. रीलला यातलं काहीच नाही. दिवसभर सतरा गोष्टींना नाही म्हणून दमलेल्या मनाने रात्री साडेअकराला त्या पट्टीला नाही म्हणावं, ही अपेक्षाच जास्तीची आहे.

आणि तिथे तुला दिसतं तरी काय? अंदाज करते. टॉपरची मुलाखत. "मी रोज किती तास अभ्यास केला." चालू घडामोडींचे पंचवीस प्रश्न. वाड्या-वस्तीवरून आलेल्या मुलीचा गुलाल उधळलेला व्हिडिओ, मागे ढोल. म्हणजे अभ्यासिका सुटली तरी परीक्षा तुझ्या उशाशी येऊन झोपते.

सबीन सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली एक अभ्यास मांडला होता. कामावरून सुटल्यावर माणसाचा शीण खरोखर कशाने उतरतो, हे त्यांनी नोकरदार लोकांकडे पाहून शोधलं. चार गोष्टी त्यांना महत्त्वाच्या वाटल्या. मन कामापासून पूर्ण सुटणं, शरीर सैलावणं, कामाबाहेरचं काहीतरी हाताला जमत जाणं, आणि तो वेळ आपल्या मर्जीचा असणं. मला यातली तिसरी आणि चौथी फार मोलाची वाटतात. विश्रांती म्हणजे नुसतं पडून राहणं, असं आपण धरून चालतो. पण एखादी चाल पेटीवर बसवताना, भाकरी गोल थापायला शिकताना, चेंडू नेमका टाकताना माणूस ताजा होतो, कारण तिथे "मला जमतंय" हे कळतं. तू तीन वर्षं अशा एकाच गोष्टीमागे आहेस, जिचा निकाल वर्षातून एकदा लागतो आणि तोही पुढे ढकलला जातो. रोज संध्याकाळी "आज मला हे जमलं" असं सांगणारं तुझ्या दिवसात काहीच उरलेलं नाही. मन वाळत जातं ते त्यामुळे.

मर्जीचं म्हणशील, तर तुझी खोली डोळ्यासमोर आण. चार कॉट, चार बादल्या, एक खिडकी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. एकीचा अलार्म पाचला, दुसरीचा पावणेसहाला. एकीने दिवा लावला की चौघींच्या डोळ्यांवर येतो. अभ्यासिकेत प्लायवुडचा खण, दोन्ही बाजूंना कोपर टेकतील एवढा. जेवायला मेसच्या लांब टेबलावर अनोळखी माणसांच्या रांगेत. चोवीस तासांत तुझी स्वतःची म्हणावी अशी एकच जागा आहे, ती म्हणजे त्या पडद्याचा तळहाताएवढा उजेड. तिथे कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. तू रात्री मोबाइल घेतेस तेव्हा बहुधा एकांत शोधत असतेस. म्हणून "मोबाइल सोड" एवढंच सांगून मी मोकळी होणार नाही. एकांताची दुसरी जागा मिळाल्याशिवाय ती जागा तुझ्याकडून सुटायची नाही.

शास्त्री रस्त्यावरून मी कित्येक वर्षं जाते-येते. अभ्यासिकांच्या जिन्यांखाली चपलांचे ढीग असतात. एकदा कुणाला तरी भेटायला वर गेले होते. एका खणात भिंतीला कागद चिकटवलेला होता, त्यावर परीक्षेला उरलेले दिवस. रोज आधीचा आकडा खोडून खाली नवा लिहिलेला. तारीख पुढे गेली असावी, कारण मध्येच आकडा एकदम वाढला होता आणि त्याच्यापुढे पेनाने कागद फाटेपर्यंत रेघा मारलेल्या होत्या. तो मुलगा खुर्चीत नव्हता. खुर्चीवर उशी, टेबलावर पाण्याची बाटली आणि अर्धा पारले-जीचा पुडा. तुमच्यापैकी कुणाच्याही कष्टाबद्दल मला शंका नाही, हे मला तुला आधीच सांगायला हवं होतं. पंधरा तास तिथे बसायला काय लागतं, ते मी जाणते.

पण त्या पंधरा तासांतले अभ्यासाचे किती? हे तू अण्णांना सांगू नकोस, मलाही नको, स्वतःपुरतं बघ. एकच पान चार वेळा वाचलं तर ते चार पानं होत नाही. दोनला झोपून सहाला उठणारं डोकं चार तासांवर चालतं. तरुण माणसाला सात तास तरी झोप लागते, आणि दिवसभर वाचलेलं मेंदू नीट लावून ठेवतो ते याच झोपेत. झोप कापून वाढवलेले तास दुसऱ्या दिवशी त्या चार वेळा वाचलेल्या पानात जातात. आधी झोप सांभाळ, बाकी सगळं तिच्या मागून येईल. मोबाइल दाराजवळच्या प्लगला लावायचा, उशाशी नाही. अलार्मसाठी शंभर-दीडशे रुपयांचं साधं घड्याळ घे. आणि हे एकटीने करू नकोस, चौघींनी मिळून ठरवा. बाकीच्या तिघीही पांघरुणाखाली तेच करत असणार, हे मी पैजेवर सांगते. अकराला चारही मोबाइल दाराशी. पहिल्या चार रात्री झोप येणार नाही, कूस बदलत पडशील, नको ते विचार येतील. त्या चार रात्री चौघींनी अंधारात गप्पा मारा. गावाकडच्या, शाळेतल्या, भुताखेताच्या, काहीही चालेल. फक्त कटऑफच्या नकोत.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते, तुझ्या खो-खोवर.

तू जिल्ह्यापर्यंत खेळलीस, म्हणजे मी सांगते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाठलागाला मैदानात नऊ जणी असतात, त्यातली एक धावते आणि आठ जणी बसलेल्या असतात. धावणारीला दम लागला, अंतर राहिलं, की ती खो देते, बसते, आणि दुसरी उठते. समोरच्या संघाची तर तिघी-तिघींची तुकडी असते. पहिली तुकडी पळते तेव्हा बाकीच्या बाहेर बसून असतात. त्या बसलेल्या मुलींना कधी कुणी विचारलं का, "तुम्हाला बसायचा हक्क आहे का"? बसणं हा त्या खेळाचा नियम आहे. खांबापासून खांबापर्यंत एकटीनेच सगळा डाव पळायचा ठरवलं असतंस, तर तुझ्या सरांनी तुला मैदानाबाहेर काढलं असतं. आणि बसलेली मुलगीसुद्धा कशी बसते, आठव. पायांची बोटं मातीत रोवलेली, कान मागे. ती विश्रांतीच घेते, पण मेलेली नसते.

गेले दीड-दोन वर्षं तू खोच दिलेला नाहीस. मुख्यला राहिलीस त्या दिवसापासून पळतेच आहेस, आणि आता पाय उचलत नाही म्हणून स्वतःला शिव्या देतेस.

या खेळाचे पहिले नियम पुण्यातच बांधले गेले, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ च्या सुमारास. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. कर्णधार होती प्रियांका इंगळे, पुण्यात खेळून वाढलेली. तू ज्या शहरात दम लागून जिने चढतेस, त्याच शहरातल्या मातीवर रोज संध्याकाळी मुली सूर मारतायत. पेठांमध्ये, शाळांच्या मैदानांवर खो-खोचे संघ अजून सराव करतात. एखाद्या संध्याकाळी जाऊन कडेला उभी राहा. तिथल्या सरांना किंवा ताईंना सांग, "मी शाळेत खेळायचे, आता फक्त पळायला येऊ का?" तुला बक्षीस आणायचं नाहीये, निवड व्हायची नाहीये. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. लहान मुली तुला सहज पकडतील, पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखतील, आणि आठवडाभराने एक दिवस तू एखादीला हुलकावणी देशील. त्या रात्री तुला जी झोप लागेल, ती मला तुझ्यासाठी हवी आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याने उदासी कमी व्हायला मदत होते हेही खरं. तुझं ते तीन संध्याकाळांत जवळपास होऊन जातं.

खो-खो जमला नाही, लाज वाटली, मैदान लांब पडलं, तर पर्वती आहे. १०३ पायऱ्या. सारसबागेपासून चालत जाशील. पहाटे टेकडीवर गेलीस तर हनुमान टेकडीला जा, तिथे सकाळी माणसं असतात. वेताळ टेकडी सुंदर आहे, मोर दिसतात, पण तिथे एकटी जाऊ नकोस आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नको. हे मोठ्या बहिणीच्या काळजीने सांगते.

आणि त्या एकांताचं काय? त्यासाठी मला एक जागा सुचते. पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालापासून चालू आहे. असं एखादं जुनं ग्रंथालय गाठ आणि ज्यावर कधीच प्रश्न येणार नाही असं पुस्तक काढ. कादंबरी, प्रवासवर्णन, काहीही. पेन न घेता वाच. पेन न घेता हे महत्त्वाचं आहे, कारण हातात पेन आलं की तू अधोरेखित करायला लागशील. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, अवांतर वाचणाऱ्याला लिहिताना शब्द सुचतात, हा युक्तिवाद मला तुझ्यासमोर ठेवता आला असता. तो खराही आहे. पण तो मी ठेवत नाही. मन रमवण्याचं समर्थन मार्कांनी करायला लागलीस, की तेही अभ्यासक्रमात जाऊन बसेल आणि त्याचेही तास मोजशील. गाणं आवडतं म्हणून ऐक. तेवढं कारण पुरेसं आहे.

आता अण्णा.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तूर विकल्याचं आहे. बार्शीच्या बाजारात तुरीला काय भाव मिळतो आणि एक पोतं उभं करायला किती महिने जातात, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. सारसबागेतल्या गवतावर तुझी छाती धडधडली ती त्यामुळे. त्या गवतावर तुला तुमचं शेत दिसलं. त्या अपराधीपणाला मी खोटं म्हणणार नाही. ते तुझं अण्णांवरचं प्रेम आहे, आणि ते असू दे. पण त्यांनी पैसे पाठवले ते तू शिकावंस म्हणून. तू झिजावंस असं त्यांच्या मनातही नसेल. शेतकरी बापाला हे समजावून सांगावं लागत नाही. भर उन्हात बैलाला औतावरून सोडून झाडाखाली कोण बांधतं? जमीन पड कोण टाकतं? अण्णाच ना. त्यात वेळ वाया गेला असं त्यांना कधी वाटलं नाही.

"आज किती झालं?" हा प्रश्न ते विचारतात, कारण दुसरं काय विचारावं हे त्यांना माहीत नाही. राज्यसेवेचा अभ्यासक्रम त्यांना ठाऊक नाही, तुझ्या मनाचं कसं विचारायचं ते कुणी त्यांना शिकवलेलं नाही. मग तूच त्यांना दुसरे प्रश्न दे. उद्या फोन आला की त्यांच्या आधी तू विचार, "अण्णा, आज जेवलात काय?" शेतात काय चाललंय ते विचार, गाईचं विचार, आईला फोन द्यायला सांग. आणि एक दिवस, आवाज भरून आला तरी चालेल, असं सांग: "अण्णा, मी दोन महिने नीट झोपले नाही. डॉक्टरला दाखवते. संध्याकाळी थोडी पळायला जाणार आहे, शाळेत जायचे तशी. अभ्यास सोडलेला नाही." बस, एवढंच. ते थोडा वेळ गप्प होतील. मग बहुतेक विचारतील, "पैसे पाठवू का?" बापमाणसाच्या तोंडून काळजी अशीच बाहेर पडते, तू तिला नीट ऐक.

जमलं तर याच वर्षात कधीतरी त्यांच्याशी हेही बोल, की आणखी किती प्रयत्न, आणि त्यानंतर काय. वयाची मर्यादा लांब असते म्हणून ती सगळी वापरलीच पाहिजे असं नाही. पण ही गोष्ट झोप भरून निघाल्यावर ठरवायची आहे, आत्ता नाही. रात्री दोन वाजता तर नाहीच.

"पास झाल्यावर सगळं करीन" असं तू स्वतःला सांगत असशील. मी पास झालेल्या मुलांनाही भेटते. काही जण हौसेने जगतात, पण काही जण प्रशिक्षणात असतानाही म्हणतात, पोस्टिंग मिळालं की बघू. मग, बदली झाली की बघू. पुढे ढकलायची सवय लागलेलं मन निकालाच्या यादीत नाव आलं म्हणून ती सवय टाकत नाही. त्यातल्या एकीने मला सांगितलं होतं की पहिली सुट्टी मिळाली त्या दिवशी काय करायचं हे न सुचल्यामुळे ती दिवसभर सरकारी निवासाच्या पलंगावर बसून होती. आवड हीसुद्धा वापरात ठेवावी लागते, नाहीतर गंजते. तुझी अजून गंजलेली नाही. गंजली असती तर इतक्या दुःखात तुला खो-खो आठवला नसता.

येत्या रविवारपुरतंच बोलू. मेस संध्याकाळी बंद असेल, म्हणजे बाहेर तर पडावंच लागणार. पाचला निघा, चौघी. सारसबागेत जा. दहा मिनिटांनी तुझी छाती धडधडायला लागेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे धडधड सुरू झाली की घाबरणार नाहीस. धडधडलं म्हणून तू काही चूक करतेयस असं होत नाही. सवय नसलेल्या कोणत्याही गोष्टीला शरीर असंच दचकतं. उठू नकोस. मैत्रिणीला सांग, "मला धडधडतंय, माझ्याशी बोलत राहा." तळहात गवतावर टेक. तळ्यातल्या गणपतीकडे जाणारी माणसं बघ, भेळेच्या कागदासाठी भांडणारी पोरं बघ. ती लाट वीसएक मिनिटांत ओसरते. मागच्या वेळी तू ती ओसरायच्या आधीच उठलीस, त्यामुळे मनाने एवढंच लक्षात ठेवलं की बागेत बसलं की जीव घाबरतो आणि अभ्यासिकेत परत आलं की बरं वाटतं. या वेळी त्याला लाट ओसरताना पाहू दे. पाऊण तास बसा, मग कुठेतरी गरम काहीतरी खा आणि चालत परत या. त्या रात्री पुस्तक उघडायचं नाही, हे आधीच ठरवून निघा. म्हणजे चोरी होणार नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी, वाटलं तर, बागेऐवजी मैदान.

दवाखान्यात काय सांगितलं ते मला कळव. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन किती निघालं तेही लिही. आणि मैदानावर गेलीस तर बूट घालून पळालीस की शाळेतल्यासारखी अनवाणी, ते विसरू नकोस सांगायला.

तुझी,
ताई